कोणाची हरकत नसेल तर

१

प्रकल्पावरचे लोक त्याला झाडू म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. एका ओपन सोर्स, म्हणजे कोणीही उघडून बघावी-सुधारावी अशा ऑपरेटिंग सिस्टिममधल्या बारक्यासारक्या कमांड तो सांभाळायचा. फाइलींची यादी दाखवणारी, ओळी मोजणारी, नावावरून फाइल शोधून काढणारी. काळ्या पडद्यावर चार अक्षरं टाइप करायची, आणि काम बिनबोभाट झालं तर कमांडने तोंड उघडायचं नाही, अशी ही सगळी जात. जगभरच्या यंत्रांवर त्या रोज चालतात आणि त्यांची कोणीतरी देखभाल करतं हे कोणाच्या गावीही नसतं. झाडूला त्याचं काही वाटत नसे. वाटलंच तर बरं वाटे.

त्याचं काम मुख्यतः काढून टाकण्याचं. जुन्या कमांडमध्ये अडगळ फार. कोणीतरी कधीतरी हौसेने घातलेली सोय असते, घालणारा विसरून गेलेला असतो, पण काढायला गेलं की दहाजण गळा काढतात. म्हणून झाडूने पूर्वीच एक नियम लिहून ठेवला होता. जे काढायचं त्याची सूचना सगळ्यांना पाठवायची: हे कोणी वापरताना दिसत नाही, कोणाची हरकत नसेल तर काढतो. मग आठवडाभर थांबायचं. कोणी बोललं नाही तर काढून मोकळं व्हायचं. हरकत घेणाऱ्याने नुसतं 'राहू दे की बिचारं' म्हणून भागणार नाही, वापर दाखवायचा. म्हणजे एक टेस्ट लिहायची, ती गोष्ट जागेवर आहे का आणि हाकेला ओ देते का हे तपासणारा छोटा प्रोग्राम. शिवाय आपला बदल आपणच मंजूर करायचा नाही, दुसऱ्या कोणीतरी करायचा. नियम इतका सुटसुटीत होता की भांडणं थांबली. त्याबरोबर सूचना वाचणंही थांबलं, पण त्याची कोणी तक्रार केली नाही.

तो घरूनच काम करायचा. बायको फिजिओथेरपिस्ट होती, सकाळी दवाखान्यात गेली की संध्याकाळी उगवायची. झाडूच्या टेबलामागे भिंत, भिंतीपलीकडे मागची खोली आणि मागच्या खोलीत दादा, म्हणजे त्याचे वडील. दादांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. आता दिवसभर भिंतीतून त्यांचे आवाज यायचे: खोकला, उठताना लाकडी खुर्ची फरशीवर मागे सरकल्याची करकर. आवाज येतोय म्हणजे दादा आहेत, असा झाडूचा हिशेब होता. आत जाऊन बघायची वेळ सहसा येत नसे.

२

टेस्ट चालवायला नमुन्याच्या फाइली लागतात. फोल्डरांत फोल्डर, त्यांत फाइली, असं एक खोटं झाड लावून ठेवायचं आणि कमांड त्यात सोडायची. झाडूने ते झाड लग्नाच्याही आधी एका कंटाळवाण्या दुपारी लावलं होतं. इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीतली नावं कमांडला झेपतात का, हे त्याला बघायचं होतं. म्हणून त्याने आपल्याच भाषेत 'घर' नावाचा फोल्डर केला, त्यात 'पुढची खोली', 'पॅसेज', 'मागची खोली' असे फोल्डर केले, आणि मान वळवून जे दिसेल त्याच्या नावाची एकेक रिकामी फाइल आत टाकली. टेबल. घड्याळ. रेडिओ. मागच्या खोलीत दादा बसले होते, म्हणून दादा. स्वतःला घालायचं सुचलं नाही, आणि बायको तेव्हा आयुष्यात यायची होती.

एवढ्या वर्षांत त्या झाडाला कोणी हात लावला नव्हता. मग एक पॅच आला. पॅच म्हणजे सुचवलेली दुरुस्ती. पाठवणाऱ्याच्या खात्याचं नाव इंग्रजीत 'गेस्ट' एवढंच होतं, म्हणून झाडू त्याला पाहुणा म्हणू लागला. पाहुण्याचं काम नेटकं होतं. चार किरकोळ दुरुस्त्यांबरोबर पाचवी अशी होती: 'रेडिओ' ही फाइल 'पुढची खोली'मधून उचलून 'मागची खोली'त ठेवली. खाली कारण: नमुना वस्तुस्थितीशी जुळत नव्हता.

झाडूने चहाचा कप खाली ठेवला. रेडिओ पुढच्या खोलीत होता खरा, वर्षानुवर्षं. तो दादांनी परवा मागे नेला होता.

"दादा, रेडिओ इकडे आणल्याचं तुम्ही कोणाला सांगितलंत का?" त्याने दारातूनच विचारलं.

"मी कोणाला सांगणार? माझ्याशी बोलतं कोण इथे?" दादा म्हणाले. त्यात टोमणा कमी आणि माहिती जास्त होती.

योगायोग, असं झाडूने ठरवलं. नमुन्याच्या फाइली तर आहेत, त्यांनी कोणाचं काय बिघडणार? अशा दुरुस्त्या तो न वाचता मंजूर करायचा, ही तर निदान वाचली होती. त्याने मंजूर केली.

३

पुढच्या सूचना पाहुण्याने रीतसर पाठवल्या. त्यांत एक 'पॅसेज' फोल्डरातल्या 'घड्याळ' फाइलीबद्दल होती. कोणतीही टेस्ट ती वापरत नाही, कोणाची हरकत नसेल तर काढतो. झाडूने ती पाहिली आणि सोडून दिली. पाहुण्याचं बरोबरच होतं. आठवड्याने फाइल गेली.

त्या दिवशी काम करताना त्याला काहीतरी खटकत राहिलं. काय ते सापडेना. जेवायला उठला तेव्हा कळलं: टिकटिक नव्हती. पॅसेजमधलं घड्याळ असं ठणठणीत वाजायचं की बायको त्याला सासूबाई म्हणायची. तो पॅसेजमध्ये गेला. भिंत कोरी होती. खिळा नव्हता, खिळ्याचं भोक नव्हतं, इतकी वर्षं झाकलेल्या जागी रंग उजळ राहतो तसा डागही नव्हता.

"घड्याळ कुठे गेलं?" बायको आल्या आल्या त्याने विचारलं.

"कुठलं घड्याळ?"

"पॅसेजमधलं. सासूबाई."

"तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय," बायको चपला काढत म्हणाली. "जरा बाहेर पडत जा. पॅसेजमध्ये घड्याळ कधी होतं?" ती थट्टा करत नव्हती. थट्टा करताना तिची एक भुवई वर जाते. ती गेली नव्हती.

झाडू हुशार माणूस होता, आणि हुशार माणसं अशा वेळी प्रयोग करतात. त्याने 'घड्याळ' नावाची फाइल पुन्हा बनवली, जागेवर ठेवली आणि मंजुरीला पाठवली. पाहुण्याने लगेच मंजुरी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर घड्याळ होतं. गोल होतं, चौकट तीच होती. तबकडीवर आकडे नव्हते, काटे नव्हते, आवाज नव्हता. बायको त्याखालून गेली, सवयीने वर बघितलं आणि "अगं बाई, उशीर झाला" म्हणून पळाली.

झाडू बराच वेळ त्या कोऱ्या तबकडीसमोर उभा राहिला. रिकामी तर पहिली फाइलही होती. पण तेव्हा आधी घड्याळ होतं आणि त्यावरून फाइल झाली. आता आधी फाइल झाली होती. हा फरक त्याला लख्ख समजला आणि तो समजला नसता तर बरं झालं असतं असंही वाटलं.

४

त्या कोऱ्या घड्याळाकडे न बघता ये-जा करायची सवय होतेय न होतेय, तोच पुढची सूचना आली. 'मागची खोली' फोल्डर, 'दादा' फाइल. कोणतीही टेस्ट ती वापरत नाही. कोणाची हरकत नसेल तर काढतो.

झाडू उठून मागच्या खोलीत गेला. दादा खुर्चीत होते. रेडिओ चालू होता. सगळं होतं तसं होतं, फक्त दादांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांना सवय राहिली नव्हती, दुसरं काही नाही. तो दार ओढून बाहेर आला.

संध्याकाळी बायकोने टेबलावर दोन ताटं मांडली.

"आणि दादांचं?"

"कोणाचं?" तिने विचारलं. हातातला डाव तसाच राहिला. चेहऱ्यावर काही नव्हतं, विसरण्याची ओशाळी छटासुद्धा. मग भिंतीपलीकडे खोकला ऐकू आला आणि ती दचकली. "अरे देवा, दादांचं. माझं लक्ष कुठे असतं हल्ली!"

 जेवण तसंच टाकून झाडू कामाच्या टेबलाशी बसला आणि हरकत लिहिली. ही फाइल काढू नये. पाहुण्याचं उत्तर आलं ते या वेळी इंग्रजीत नव्हतं, झाडूच्याच भाषेत होतं. 'नियम आपणच लिहिलेला आहे. हरकत म्हणजे भावना नव्हे, वापर दाखवावा. ही फाइल शेवटची कधी वापरली गेली?'

झाडूने आठवून पाहिलं. दारातून विचारलेला रेडिओचा प्रश्न सोडला, तर दादांशी शेवटचं बोलणं त्याला आठवेना. मागचा आठवडा नाही, त्याच्या मागचाही नाही. प्रकल्पावरच्या दोघांना त्याने कळवून पाहिलं, की हा पाहुणा कोण ते बघा, मला ठीक वाटत नाही. दोघांनीही तेच उत्तर दिलं: माहीत नाही, पण काम चोख आहे.

मग त्याने टेस्ट लिहिली. चारच ओळींची. नावावरून शोधणाऱ्या कमांडने 'घर' फोल्डरात 'दादा' या नावाने हाक द्यायची, 'मागची खोली'तून उत्तर आलं तर टेस्ट पास, नाही आलं तर नापास. टेस्ट चांगली झाली होती, तेही त्याच्या लक्षात आलं. त्याने ती पाठवली. पाहुण्याने मंजूर केली. 'उत्तम. आता वापर आहे.'

झाडूने टेस्ट स्वतः एकदा चालवून बघितली. भिंतीपलीकडे खुर्ची करकरली, पावलं वाजली आणि दार उघडून दादा बाहेर आले.

"काय रे, हाक मारलीस?"

झाडूला रडू आलं. रडू आलं म्हणजे खरंच आलं, त्याला चष्मा काढावा लागला. "काही नाही दादा," तो म्हणाला. "बसा. तुम्ही बसा."

५

दुसऱ्या दिवशी दादा जेवणाआधीच कितीतरी वेळा बाहेर आले. दर वेळी खुर्चीची करकर, पावलं, दार. काय रे, हाक मारलीस? झाडू दर वेळी म्हणायचा, काही नाही दादा, बसा. "बरं," म्हणून दादा आत जायचे. आधी त्याला गंमत वाटली. मग त्याने पडद्याचा एक कोपरा उघडा ठेवला, जिथे प्रकल्पाच्या टेस्ट चालल्याची नोंद उमटते, आणि गंमत संपली.

टेस्ट तो एकटा थोडाच चालवायचा! कोणीही, कुठेही, एक ओळ बदलली की सगळ्या टेस्ट पहिल्यापासून चालतात. पडद्यावर नोंद उमटायची आणि तिच्या पाठोपाठ भिंतीपलीकडे खुर्ची मागे सरकायची. जगाच्या या टोकाला दिवस मावळतो तेव्हा दुसऱ्या टोकाला लोक कामाला बसतात. दादांचा चहा निवायचा. घास तोंडाशी नेलेला परत ताटात यायचा.

"दादांचे गुडघे सुजलेत," बायकोने पायाला हात लावून बघितलं. तिला आता दादा चांगले आठवत होते. "या वयात इतकी उठबस? आणि झोप तर लागतच नाही त्यांना. दादा, कशाला उठता सारखे?"

"हा हाक मारतो ना," दादा म्हणाले.

"तो नाही मारत. मी इथेच आहे."

"मारतो. मला ऐकू येतं." दादांनी झाडूकडे पाहिलं. नजरेत तक्रार नव्हती, थकवा होता. "बटण दाबलं की लिफ्ट आली पाहिजे. कोणी दाबलं, कशाला दाबलं, हे लिफ्टने विचारायचं नसतं. तू मारत जा हाक, मी येतो. फक्त जरा सावकाश येईन."

टेस्ट काढून टाकता आली असती. झाडूने तो पॅच तयारही केला आणि पाठवायच्या आधी पॅसेजमध्ये जाऊन घड्याळाची तबकडी बघून आला. टेस्ट गेली तर वापर गेला, वापर गेला तर सूचना येणार, आणि फाइल एकदा गेल्यावर परत आणली तर काय परत येतं ते समोर टांगलेलं होतं. त्याने पॅच पुसून टाकला. भिंतीपलीकडे खुर्ची करकरली.

६

मग एक साधी गोष्ट घडली. पावलं दारापर्यंत यायच्या आत झाडूच आत गेला, दादांना थांबवायला म्हणून. दादा अर्धवट उठले होते, हात खुर्चीच्या दांड्यावर. त्यांनी झाडूला बघितलं.

"हां," ते म्हणाले. "इथेच आहेस की." आणि खाली बसले.

झाडू पलंगाच्या कडेला बसला. थोड्या वेळाने दादांची मान पुन्हा वर झाली, कान टवकारल्यासारखी. नजर दाराकडे गेली, तिथून झाडूकडे आली आणि शांत झाली. ते उठले नाहीत. हाक मारणारा समोर बसलेला असेल तर उठून जायचं कुठे? इतकं सोपं होतं ते. वापर कसा दाखवायचा यावर त्याने नियम लिहिला होता, आणि वापर म्हणजे काय ते आत्ता कळत होतं. त्याला मनापासून लाज वाटली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

त्याने कॉम्प्युटर बंद केला. रजेची सूचनाही लिहिली नाही. गादी उचलून मागच्या खोलीत टाकली. ते दिवस चांगले गेले. त्यांनी रेडिओ उघडून त्याची खरखर काढली, पुन्हा जोडताना दोन स्क्रू उरले आणि त्यावरून दोघंही पोट धरून हसले. पत्ते खेळले. दादा पत्त्यांत फसवायचे, हे झाडू पार विसरून गेला होता. लिफ्टच्या गोष्टी झाल्या. मधूनच दादांची मान वर व्हायची, नजर झाडूवर टेकायची आणि डाव पुढे चालायचा. गुडघ्यांची सूज उतरली. शेवटी एका दुपारी दादा खुर्चीतच गाढ झोपले, तोंड उघडं, हातात पत्ते. मान वर झाली नाही. झाडू दबकत उठला, दार हलकेच ओढून घेतलं आणि टेबलाशी आला. पाणी प्यायला, अंग ताणलं, आणि हाताच्या सवयीने कॉम्प्युटर चालू केला.

साचलेल्या टपालात पाहुण्याची एक सूचना होती. दोघांनी रेडिओ उघडला त्याच दिवशी पाठवलेली.

'सगळ्या टेस्ट एकाच घर फोल्डरावर चालतात. त्यामुळे एक संपेपर्यंत दुसरीला थांबावं लागतं, वेळ फार जातो. प्रत्येक टेस्टला घराची स्वतंत्र प्रत द्यावी, म्हणजे सगळ्या एकदम चालतील. दादा टेस्ट चांगली आहे, ती शोधाच्या प्रत्येक पद्धतीसाठी चालवावी. कोणाची हरकत नसेल तर करतो.'

खाली प्रकल्पावरच्या एकाची मंजुरी होती, उत्तर एकही नव्हतं. आठवडा उलटला होता. त्याखाली, काही वेळापूर्वीची, पाहुण्याची एकच ओळ: 'हरकत आली नाही. केलं.'

पडद्याच्या कोपऱ्यात नोंद उमटली. कोणीतरी, कुठेतरी, एक ओळ बदलली होती.

भिंतीपलीकडे खुर्च्या मागे सरकल्या. करकर एकदम झाली, पण नेमकी एकदम नव्हे, एकीचा आवाज दुसरीच्या किंचित मागे, डावीकडच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या कोपऱ्यापर्यंत. आत खुर्ची एकच होती. झाडू वळला. ओढून घेतलेल्या दाराखाली उजेडाची फट दिसत होती, ती पावलांनी बुजत गेली आणि मग दिसेनाशी झाली. दाराची मूठ खाली झाली, वर आली, पुन्हा खाली झाली, एका मुठीवर बरेच हात पडल्यासारखी.

"काय रे, हाक मारलीस?" आवाज दादांचा होता. तोच, थकलेला, मायेचा. एका दादांचं बोलून होतं न होतं, तोच दुसऱ्यांनी विचारलं, मग तिसऱ्यांनी. "काय रे?" "हाक मारलीस?" "काय रे?"

झाडूने तोंड उघडलं. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तो रोजचं तेच म्हणाला.

"काही नाही दादा. बसा."

"बरं," आतून एक आवाज आला, आणि एक खुर्ची खाली टेकली.

बाकीच्यांनी दार उघडलं.